व्हाइस निवडावा कसा, आणि त्यात धरावे काय

घरी वर्कशॉप काढायचे ठरले की सर्वांत आधी व्हाइस घ्यावा. कामाला लागतो म्हणून नव्हे. कानस, करवत, पाने खणात जातात आणि खणातली वस्तू पाहुण्यांना दिसत नाही. व्हाइस टेबलाला बोल्टने आवळलेला असतो. तो जागेवर आहे तोवर तुम्ही ‘हाताने काम करणारे’ गणले जाता. पटत नसेल तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महालेखापालांच्या (ए. जी.) ऑफिसातून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत डोकावून या. मग वही घ्या आणि उतरवून घ्या.

१. आधी आकार चुकवा. व्हाइसचा आकार म्हणजे जबड्याची रुंदी. सायकलचे पॅडल, नळाची तोटी, खिडकीची कडी, नव्याने पाडलेली किल्ली, या सगळ्याला चार इंची पुरून उरतो. म्हणून सहा इंची घ्या. पुढेमागे मोठे काम निघाले तर? ते निघणार नाही, पण व्हाइस आतापासून तयार हवा. आठ इंचीकडे बघून मन विरघळले तर जिना आठवा. दुकानातला पोऱ्या तो एका हाताने सरकवतो, त्याला भुलू नका. तो रोज सरकवतो.

२. नवा की जुना? नवा इंचावर विकतात, जुना किलोवर. नव्याला जाड निळा रंग असतो आणि त्याखाली ओतकामातली भोके सुखाने नांदत असतात. आपल्याकडे बरेचसे हातहत्यार जालंधरकडून येते. त्यात उत्तम माल आहे आणि दुसराही आहे, रंग दोघांचा एकच. जुन्यात गंज, ग्रीस आणि पायथ्यात तुटून राहिलेला बोल्टही वजनात धरतात. काही जण खरेदी ग्वाल्हेरच्या मेळ्यापर्यंत लांबवतात. मेळा १९०५ पासूनचा, आणि सरकार मेहरबान असेल त्या वर्षी तिथे गाड्यांच्या रोड टॅक्सवर सवलत मिळते. व्हाइसला चाके नसल्याने मिळत नाही.

३. आता ग्वाल्हेरातल्याच हजीऱ्याला चला. जुने लोखंड हवे तर पाय तिकडेच वळतात, कारण शेजारी बिर्लानगर, आणि बिर्लानगरात जियाजीराव कॉटन मिल. बिर्लांनी १९२१ मध्ये सुरू केली, नव्वदच्या दशकात बंद पडली. भंगारवाल्यापुढे उभे राहून कुठल्याही व्हाइसकडे नुसते बोट दाखवा. तो म्हणेल, “जे. सी. मिल का है, भाईसाब.” शेजारचा? तोही. कोपऱ्यातला, ज्याच्या रंगाचा वास अजून येतोय? तो तर खास बड्या साहेबाच्या हाताखालचा. हिशेब करू नका. हजीऱ्यात विकले गेलेले सगळे व्हाइस खरोखर त्या मिलमध्ये असते तर मागांना जागाच उरली नसती.

तुम्ही मान डोलवा. ती गोष्ट किलोच्या भावात धरलेलीच असते. मिलच्या कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकून पडली, तशी पकड जगातल्या कुठल्याही व्हाइसला नाही. पण हा विषय दुकानात काढू नका. दुकानदाराचे वडील तिथलेच निघतात, मग चहा येतो, आणि चहा प्यायल्यावर घासाघीस करणे बरे दिसत नाही.

आलाच आहात तर तानसेनाच्या समाधीवरही जाऊन या. तिथल्या चिंचेचा पाला चघळला की गळा तयार होतो, अशी गवयांची जुनी श्रद्धा. आपली श्रद्धा त्याच जातीची: व्हाइस घरात आला की हात तयार होतात. आयटीआयत फिटरच्या पोरांना सुरुवातीला आठवडेच्या आठवडे नुसती कानस मारायला लावतात, ते बहुधा चिंच लांब पडते म्हणून.

४. तपासणी. हा भाग खरा आहे, तेव्हा नीट ऐका. पुढे दुर्लक्ष करायला सोपे जाते.

जबडा बराचसा उघडा, सरकता भाग दोन्ही हातांनी धरा आणि वरखाली, डावीउजवीकडे हलवा. थोडे हलणारच, खडखड वाजला तर सोडा. दांडा एकदा उलट फिरवा. जबडा हलण्याआधी थोडा फेरा फुकट जातो, पण अर्धा फेरा गेला तर आतला नट झिजला म्हणायचा. खाली वाकून स्क्रूवरचे ग्रीस बोटाने पुसा. आटे चौकोनी आणि जाड हवेत. धारेसारखे पातळ दिसले तर त्यांचे दिवस भरलेत. (बोट दुकानदाराच्या गल्ल्याला पुसू नका.) जबड्यांच्या दोन्ही टोकांना कागदाची एकेक पट्टी धरून आवळा आणि ओढा. एक निसटली, दुसरी फाटली, तर जबडे वाकडे. वरची कड किंचित आधी भिडत असेल तर तो दोष नव्हे, चांगले व्हाइस मुद्दाम तसे करतात. दुकानदाराला हे सांगू नका, पुढच्या गिऱ्हाइकाला तो सगळे वाकडेपण याच नावाने विकेल.

बहुतेक व्हाइस बिडाचे. बीड वाकत नाही, तडकते. लहान हातोडीने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा शोधा. रंग खरवडल्यावर पिवळी रेघ दिसली तर कुणीतरी पितळेने जोडून दिलाय. आणि दांडा वाकलेला असेल तर आधीच्या मालकाने त्यावर पाइप चढवून आवळले होते. त्याच्या हाती आणखी काय काय लागले असेल, याचा विचार करा.

एवढे सगळे दोष एकाच नगात सापडले, तरी त्याच्या अंगावर शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’चे किंवा शिप्लेच्या ‘पार्किन्सन’चे नाव उमटलेले दिसले की वरची परीक्षा रद्द समजावी. पैसे मोजा, रिक्षा बोलवा.

५. बसवणे. ताठ उभे राहा, मूठ हनुवटीखाली धरा. कोपर जिथे येईल तिथे जबड्याचा माथा. ही फिटर लोकांची जुनी मापे, आणि या पोझमध्ये गच्चीवर उभे राहिलात की समोरच्या घरातले ‘काय झालं हो?’ विचारतात. बोल्ट आरपार घ्या, टेबलाच्या पायाजवळ. मागचा जबडा कडेच्या जरा बाहेर ठेवा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येईल. मुलीचे जुने अभ्यासाचे टेबल वापरणार असाल तर कानस मारताना ते चालू लागेल. तुम्हीही मागोमाग चाला, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेच आहे. जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या दांड्याला फडक्याशिवाय हात लावू नका.

६. साफसफाई. इथे खरा आनंद आहे आणि तो महिनोन्‌महिने पुरतो. व्हाइस पूर्ण खोला, घासलेटात बुडवा, तारेच्या ब्रशने घासा. जबड्यांच्या पट्ट्यांचे स्क्रू गंजाने धरलेले असतात. ते सोडवायला दुसरा व्हाइस लागतो, तेव्हा कलम १ पासून पुन्हा सुरू करा. रंग गडद हिरवा द्यावा, अक्षरे लाल. नंतर अॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून जबड्यांना टोपणे करा, म्हणजे धरलेल्या वस्तूवर दातांचे वळ उठत नाहीत. हे या व्हाइसवर झालेले पहिले काम. ते व्हाइससाठीच होते, याचे वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांचे तसेच होते.

७. वापर. शेजारच्या वहिनी कुकरचे हँडल घेऊन येतील. “भाऊजी, एवढं जरा धरून द्याल?” रंगाकडे बघा, लाल अक्षरांकडे बघा, आणि सांगा, ग्रीस आत्ताच भरलंय, दोन दिवसांनी या.