बिनझालरीचे नाव

सरकारी दफ्तरात चौतीस वर्षे दुसऱ्यांची नावे निगुतीने नोंदविण्यात घालविलेल्या मनुष्यास स्वतःच्या नातीचे नाव ठरविताना निदान सल्लागाराचा मान मिळावा, अशी माझी भाबडी समजूत होती. परंतु बाळंतपणानंतर चौथ्याच दिवशी उशीला टेकून सूनबाईंनी जो हुकूम फर्माविला, त्यामुळे पंचांगाच्या मागील कोऱ्या पानावर चार महिने खपून मी तयार केलेली यादी एका क्षणात निकाली निघाली.

"बाबा, नावाला झालर नको," ती म्हणाली. "नुसतं नाव वाचून मुलगा की मुलगी, तेसुद्धा कळायला नको."

या हुकुमामागे पूर्वपीठिका आहे. सूनबाईंचे स्वतःचे नाव, जे मी येथे लिहिणार नाही, कोमलतेच्या एका संस्कृत पर्यायावरून घेतलेले असून त्याच्या टोकाशी एक नाजूक आकार लोंबत असतो. ही बाई दिवसभर काय करते, तर २८ दिवस पाण्यात मुरविलेले काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली ठेवून ते फुटेपर्यंत दाबते. एखाद्या कंत्राटदाराचा ठोकळा अपेक्षेपूर्वीच फुटला, की तो अहवालाखालची सही वाचतो आणि कोणा मऊ अंतःकरणाच्या बाईंकडे थोडे आर्जव केल्यास काम भागेल, या आशेने भेटीस येतो. जाताना त्याचे तोंड ठोकळ्यासारखेच झालेले असते, असे मुलगा सांगतो.

माझ्या यादीत हेमलता, स्वर्णलता, पुष्पलता असा माझ्या तारुण्यातील एक संपूर्ण वेलविस्तार होता. "कुणाच्या तरी खांबाला वेटोळं घालून वाढायला ती काय घेवडा आहे?" या एका प्रश्नाने सगळ्या लता मुळासकट उपटल्या गेल्या. आमच्या कन्येने, म्हणजे बाळाच्या आत्याने, पाठविलेल्या यादीची गतही निराळी झाली नाही. वस्तुतः बारशाला नाव ठेवण्याचे वतन वहिवाटीने आत्याकडे चालत आलेले आहे, व वतनदाराला न विचारता वतन खालसा केल्यास पुढे काय घडते, हे इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु घरात त्या दिवसांत इतिहास वाचण्याइतकी झोप कोणाचीच झालेली नव्हती.

माझा स्वभाव कागदपत्रांवर विसंबण्याचा, म्हणून मी धर्मशास्त्राची साक्ष काढली. स्त्रियांची नावे उच्चारास सुखकर, कठोरपणा नसलेली, मनोहर, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वराची असावीत, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे झालर लावणारा शिंपी बराच जुना आहे. तिसऱ्या अध्यायात मात्र नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत किंवा पक्षी यांचे नाव धारण करणाऱ्या कन्येशी विवाह करू नये, अशी ताकीद आहे. महाराष्ट्राने ही ताकीद मनावर घेतली असती, तर गोदा, कृष्णा, रोहिणी, तुळसा आणि मैना यांनी भरलेली गावेच्या गावे अविवाहित राहिली असती, आणि माझी आजी नदीच्या नावाची असल्यामुळे ही कैफियत लिहावयास मीही उरलो नसतो. पारस्कर गृह्यसूत्राने तर अक्षरेच मोजून दिली आहेत : मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे, मुलीचे विषम अक्षरांचे आणि आकारान्त. ही सगळी शिस्त कोणत्या भाषेत, तर जिच्यात पत्नीला 'भार्या' म्हटले की स्त्रीलिंग, 'कलत्र' म्हटले की नपुंसकलिंग आणि 'दार' म्हटले की पुल्लिंग होते, आणि तेही अनेकवचनी! एका पत्नीस अनेकवचन कशाला, हे कोणा विवाहित वैयाकरणाने स्वानुभवाने ठरविले असावे.

खरे पाहता बिनझालरीची नावे आपल्याकडे नवी नाहीत. घरात मुले जगत नसली, की पुढील अपत्याला धोंडू, दगडू अशी नावे ठेवीत. यमदूताने यादी वाचताना हा धोंडा आहे असे समजून पुढे चालते व्हावे, हा हेतू. या युक्तीत मुलगा-मुलगी असा भेद नव्हता. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन करणारे महर्षी कर्वे हे धोंडो केशव, आणि केसरबाई केरकरांच्या शिष्या असलेल्या कोल्हापूरच्या थोर गायिका या धोंडूताई कुलकर्णी. सूनबाईंचे माहेरही कोल्हापूरचेच, म्हणून हे नाव मी किंचित आशेने पुढे केले. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून नापास ठोकळ्यांना काय वाटत असेल, याची मला कल्पना आली.

झालर नसलेले आणखीही एक नाव आपल्याकडे होते, 'नकोशी'. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेंहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, तेव्हा त्यांतल्या काहींनी देवतांची आणि काहींनी चित्रपटतारकांची नावे मागून घेतली. हे मला आठवले, आणि माझ्या लतांचा मला वाटू लागलेला संकोच थोडा कमी झाला. सूनबाईंना मी ते सांगितले नाही इतकेच.

अखेर 'किरण' या नावावर तडजोड झाली. किरण नगरकर हे कादंबरीकार पुरुष, किरण बेदी या पोलीस अधिकारी स्त्री. शिवाय अक्षरे तीन, म्हणजे पारस्करांच्या निम्म्या अटीची पूर्तता. तरीही मी व्याकरणाची हरकत दाखल केली. मराठीत नावाने कितीही मौन पाळले, तरी किरण दारात येताच क्रियापद चोपदारासारखे पुढे धावते आणि 'आला' की 'आली' हे साऱ्या सभेला ललकारून सांगते.

"मी कालच दवाखान्यातनं आलो की," सूनबाई शांतपणे म्हणाली.

मी निरुत्तर झालो. कोल्हापूरकडील बायका स्वतःविषयी बोलताना 'मी आलो', 'मी जेवलो' असेच म्हणतात, हे मी सहा वर्षे ऐकत आलो आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरातून "मी चहा करतो" हे शब्द ऐकून आपला मुलगा सुधारला, असा आमच्या हिचा क्षणभर समज झाला होता. लोकांना 'आली' म्हणायचे तर म्हणू देत, स्वतःपुरते किरणने काय म्हणायचे ते माहेरच्या भाषेने आधीच ठरवून ठेवले आहे, असा सूनबाईंचा युक्तिवाद. आणि वादाचा विषय असलेली व्यक्ती तूर्त पाळण्यात नपुंसकलिंगातच सुखाने नांदत होती : 'ते उठलं', 'ते रडतंय', 'त्याला भूक लागली'. इतका निःपक्षपाती काळ मराठीत पुन्हा आयुष्यात येत नाही.

नोंदणी माझ्याकडे होती. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, पण नावाच्या बाबतीत कायदा आश्चर्यकारक दयाळू आहे : बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यापुढे विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ते घालता येते. तोवर कन्या स्वतःच अर्ज घेऊन गेली असती. आम्ही मात्र मुदतीत नाव घातले. दाखला हाती आला, आणि माझ्या ध्यानात आले, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे, वडिलांच्याही आधी, आईचे नाव लिहिण्याचा शासनाचा नियम आहे. तेव्हा 'किरण' या सरळ, करड्या, इस्त्री केलेल्या शब्दाला लागूनच सूनबाईंचे ते सुकोमल, आकारान्त नाव उभे होते. शासनाने झालर लावून दिली होती, आणि वर गोल शिक्काही मारला होता. सूनबाईंनी दाखला दोनदा वाचला व काही न बोलता कपाटात ठेवला.

बारशाला आत्या आली. यादी नामंजूर झाल्याचा विषय तिने काढला नाही, यावरूनच मला शंका यावयास हवी होती. पाळण्याभोवती बायका जमल्या, घुगऱ्यांचा वास दरवळला, आणि आत्या पाळण्यात वाकली. कानात 'कुर्रर्र' झाले, पाठीत चहूकडून धपाटे बसले, आणि मग तिने नाव सांगितले. ते तिने बाळाच्या कानाला तोंड लावून सांगितले, आम्हाला मागाहून मोठ्याने 'किरण' म्हणून ऐकविले. सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. मी मात्र आयुष्यभर नोंदींची रुजुवात केलेला मनुष्य. पाळण्याच्या पलीकडून मी तिच्या ओठांकडे पाहत होतो. तीन अक्षरांना एवढा वेळ लागत नाही.