परंपरा चालू, निवडणूक पुढे ढकलली

महाविद्यालयात परंपरा रुजायला तीन वर्षं पुरतात. पहिल्या वर्षाला सुचलेला प्रकार तिसऱ्या वर्षाला ‘आपल्याकडे पूर्वीपासूनच असतो’, आणि हे खोडून काढायला जुनी बॅच जागेवर नसते. म्हणून ट्रॅडिशनल डेला भाड्याची नऊवारी, शिवलेला फेटा, पुढे साडी डे, टाय डे, मिसमॅच डे अशी भर पडत जाते. प्राचार्यांना हे सगळं चालतं, कारण त्यात कोणी हरत नाही आणि कोणी हिशेबही मागत नाही. जिथे हरता येतं ती परंपरा मात्र आपण जपून मोडतो. १९९४च्या विद्यापीठ कायद्यानंतर वर्गप्रतिनिधी मतपेटीऐवजी गुणपत्रिकेतून निघू लागला. २०१६च्या कायद्याने निवडणूक परत आणली, २०१९मध्ये तिचं वेळापत्रकही लागलं. मग विधानसभेची निवडणूक आली आणि महाविद्यालयांतली पुढे ढकलली गेली. मोठी माणसं मतं मागत असताना पोरांनी मध्ये लुडबुडू नये, हाही संस्कारच.

यावर सांगितलं जातं की जीएसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जनरल सेक्रेटरीच्या निवडणुकीत डोकी फुटत होती. फुटत होतीच, खूनही पडले. पण रॅगिंगही एके काळी परंपराच म्हणवून घेत होतं. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९९९मध्ये कायदा केला, वसतिगृहांना कुलपं लावली नाहीत. दुसरा आक्षेप असा, की आजच्या मुलांना रीलपलीकडे काही नकोच असतं. मग पुण्यात १९६३पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेसाठी रात्री जागून तालमी करणारी ही मुलं कुठून येतात? २०२२मध्ये परीक्षकांनी करंडकाच्या तोडीची एकांकिका सापडली नाही म्हणत तो कोणालाच दिला नाही. वाद झाला, चिडचिड झाली, आणि पुढच्या वर्षी मुलं पुन्हा स्पर्धेला उभी राहिली. ‘नाही’ ऐकून घेण्याची ताकद त्यांच्यात आहे. ती संस्थाचालकांत किती, याची स्पर्धा अजून कोणी भरवलेली नाही.

तूर्त मधला मार्ग सापडला आहे. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो. ज्या सभागृहात कधी मतपेटी येत नाही, तिथेच मुलं उजवा हात पुढे करून निर्भयपणे मतदान करण्याची शपथ घेतात. बाहेर लोकशाहीवर रांगोळी स्पर्धा असते. उत्तेजनार्थ बक्षीस सगळ्यांना.