दोघांना चार खोल्या

माझी आई दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते. अशा घरात वाढलेला मी नेटवर्क इंजिनिअर झालो आणि पहिल्याच नोकरीत पाहिलं, की साहेबांनी दोन राउटरांमधल्या प्रत्येक लिंकला अख्खं स्लॅश २४ देऊन टाकलंय. म्हणजे २५६ पत्ते. राहणारे दोघं.

‘‘लक्षात ठेवायला बरं पडतं,’’ साहेब म्हणाले.

बेताची माणसं स्लॅश ३० देतात. त्यात पत्ते चार. पहिला दारावरच्या पाटीचा, शेवटचा दवंडीचा, मधल्या दोघांत राउटर. आता घरात माणसं दोन, तर दवंडी पिटायची कुणासाठी? तरी निम्मी जागा पाटी आणि दवंडीच अडवतात. ही चैन डिसेंबर २००० मध्ये आरएफसी ३०२१ नं मोडीत काढली. स्लॅश ३१ घ्या, दोन पत्ते, दोन राउटर, विषय संपला. आईला वाचून दाखवावा असा दस्तऐवज!

साहेबांना पटेना. एकूण पत्त्यांतून दोन वजा करायचे, हे त्यांचं पाठ सूत्र. ‘‘दोनातून दोन गेले. राउटर काय जिन्यात झोपणार?’’

आयपीव्ही६ मध्ये तर एका लिंकला स्लॅश ६४, म्हणजे १८ वर १८ शून्यं दिली तरी वर उरतील इतके पत्ते. यातल्या एखाद्या ओसाड पत्त्यावर टपाल आलं, की काही लिंकवर हा राउटर म्हणतो ‘समोर द्या’, तोही म्हणतो ‘समोर द्या’. पाकीट दमून मरेपर्यंत. त्यावर उतारा स्लॅश १२७. तो २००३ मध्ये अपायकारक ठरला होता, २०११ मध्ये रीतसर मान्य झाला. साजूक तुपाचंही असंच झालं म्हणा.

पुढे साहेब निवृत्त झाले आणि एका रात्री पुण्यात बसून मी साताऱ्याची लिंक स्लॅश ३१ वर न्यायला घेतली. त्याच लिंकवरून पलीकडच्या राउटरमध्ये शिरलो, आधी त्याचा जुना पत्ता पुसला. मग नवा टाकायला गेलो. टाकणार कुठे? ज्या फांदीवर बसलो होतो, तीच तोडली होती.

पहाटेची एसटी पकडली. प्रवासखर्चाच्या बिलात ‘प्रवासाचे कारण’ अशी एक चौकट असते. बराच वेळ पेन चावून मी लिहिलं : काटकसर.