बेनामी कॉइलचे गोत्र

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात मांडलेल्या प्रत्येक वस्तूने दुसऱ्या महायुद्धात भाग घेतलेला असतो. निदान विकणाऱ्याचे म्हणणे तसे असते. तिथे उकिडवा बसून, गंजक्या लोखंडातून नाव-नंबर काहीच नसलेला ट्रान्सफॉर्मर उचलणारा, वार्निश जळलेय का म्हणून तो हुंगणारा आणि चेहऱ्यावर कमालीचा कंटाळा आणून "याचं काय घेणार?" असे विचारणारा गृहस्थ म्हणजे गोत्रशोधक. जुन्या ट्रान्समीटरच्या बेनामी भागांचे गोत्र सांगणे हा त्याचा स्वधर्म. घरचे त्याला वेडा म्हणतात. माझ्या मते तो अर्धा पक्का शहाणा आहे, फक्त तो अर्धा कुठे संपतो हे त्याला ठाऊक नाही.

शहाणपण असे, की शिक्का पुसला तरी काम अंगावर उमटलेले राहते. रिसीव्हरच्या गँग कंडेन्सरचे पत्रे एकमेकांना जवळजवळ खेटून असतात. ट्रान्समीटरच्या कंडेन्सरमध्ये मात्र ठळक फट लागते, कारण मिलिमीटरला सुमारे ३००० व्होल्ट झाले की हवेतूनही ठिणगी उडते. कॉइलची तार जाड आणि चांदीचा मुलामा दिलेली का? ७ मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या मिलिमीटरभराच्या जेमतेम चाळिसाव्या भागातून, म्हणजे पृष्ठभागावरूनच वाहतो. ८०७ व्हॉल्व्हच्या डोक्यावर धातूची टोपी असते, कारण प्लेटचे जबर व्होल्टेज खालच्या पिनांपासून लांब ठेवायचे असते. आता टोपी रिसीव्हरच्या कित्येक व्हॉल्व्हनाही असते, पण तिथे ती बहुधा ग्रिडची. म्हणून हा पठ्ठ्या टोपी पाहून हुरळत नाही. काच उन्हात धरून आतली तार कुठे जाते ते पाहतो. ही अंधश्रद्धा नव्हे, पुराव्यावरचे अनुमान आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढे नाटक कशाला, मीटर लावा! मीटर तो लावतोच, पण शेवटी. साधा मीटर काही व्होल्टांवर कपॅसिटरची किंमत सांगतो, आणि तोच म्हातारा कपॅसिटर ६०० व्होल्टांवर गळू लागतो. किती सोसवेल हे आकडा सांगत नाही, बांधणी सांगते. "नवीन का घेत नाही?" या आक्षेपाला मात्र त्याच्याकडे उत्तर नाही. तो फक्त विचारणाऱ्याकडे दयेने पाहतो.

घोटाळा पुढे आहे. कॉइल ७ मेगाहर्ट्झच्या आसपास जुळली, की त्याचा आवाज खाली येतो. १९४२ साली उषा मेहतांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ मुंबईतून ४२.३४ मीटरवर बोलत होता, म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे... पुढचे तो बोलत नाही, नुसता भुवया उंचावतो. पण ७ मेगाहर्ट्झचा हा ४० मीटरचा पट्टा जगभरच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या रोजच्या वहिवाटीचा. तिथे जुळणाऱ्या कॉइली असंख्य. रचनेवरून काम कळते, मालक कळत नाही. हा भेद तो दुसऱ्याच्या कॉइलबाबत काटेकोर पाळतो आणि स्वतःच्या कॉइलबाबत विसरतो.

तेव्हा तो "हा भाग हजार व्होल्ट सोसेल" म्हणाला तर त्याचे ऐका. "हा भाग अमक्या विमानातला" म्हणाला तर चहा पाजा, ऐकून घ्या, आणि वस्तू भंगाराच्याच भावाने घ्या.