करायला गेले गणपती…

बायकांना हक्क मिळतात ते चळवळीमुळे, असं शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. ऑस्ट्रेलियात आल्यावर कळलं, त्यात पुरुषांच्या विनोदबुद्धीचाही मोठा वाटा असतो.

साल १८९४, गाव ॲडलेड. मेरी ली आणि त्यांच्या सहकारिणींनी मताधिकारासाठी ११,६०० सह्या गोळा केल्या. कागदाला कागद चिकटवून अर्ज झाला चारशे फुटांचा. विधेयकात मात्र एक अट होती : बायकांनी मत द्यावं, आमदार होऊ नये. विरोधकांपैकी एबेनेझर वॉर्ड म्हणाले, ती अटच काढून टाका. बाई आमदार! कल्पनाच इतकी हास्यास्पद की अख्खं विधेयक हसण्यावारी जाईल, असा हिशेब. विधेयक ३१ विरुद्ध १४ मतांनी मंजूर झालं. अर्ज मताचा होता, उमेदवारी वर्ताळ्यात मिळाली, तीही जगात पहिल्यांदा.

आपल्या विनोदाचा असा कायदा झालेला पाहून वॉर्डसाहेबांना काय वाटलं असेल, हे कुठल्याही वगातल्या पाटलाला विचारा.

पश्चिम ऑस्ट्रेलियाचे ॲटर्नी जनरल थॉमस ड्रेपर तर सज्जन. बायकांना निवडणूक लढवू देणारा कायदा त्यांनीच मांडला. १९२१ साली त्याच कायद्याचा आधार घेऊन एडिथ कोवन उभ्या राहिल्या आणि त्यांनी खुद्द ड्रेपरांनाच पाडलं. ऑस्ट्रेलियातली ही पहिली महिला आमदार. दार उघडणाऱ्यालाच बाहेर उभं राहावं लागलं.

ॲडलेडकर मात्र धीराचे. तिथे पहिल्या दोन बायका निवडून यायला १९५९ उजाडलं, म्हणजे पासष्ट वर्षं. तेव्हाही दोन गृहस्थ जेसी कूपर यांच्या उमेदवारीविरुद्ध कोर्टात गेलेच. मुद्दा गहन होता : घटनेतल्या ‘व्यक्ती’मध्ये बाई मोडते का? कोर्टाने हात झटकले. कूपरबाई सभागृहात जाऊन बसल्या.

समानता या देशात अगदीच नव्हती, असं मात्र नाही. १९०२च्या कायद्याने देशभरच्या बायकांना मत दिलं, त्याच कायद्याने मूळ रहिवासी आणि मूळची आशियातली माणसं मताबाहेर ठेवली. काही अपवाद सोडले तर तिथे बाई-पुरुष असा भेद अजिबात केला नाही. आपली आत्या आणि आत्याचे यजमान दोघंही शेजारी शेजारी बाहेर.

केंद्र सरकारच्या नोकरीत तर १९६६पर्यंत बाईने लग्न केलं की कायम जागा सोडायची, असा नियम होता. मग काहीजणी लग्नच लपवायच्या. सरकारला वाटायचं, देशात ब्रह्मचारिणी फार.

आता आमचं मंडळ. अध्यक्ष, सचिव, खजिनदार नेहमी पुरुष. मोदक आणि ‘सांस्कृतिक’ नेहमी वहिनी. गेल्या वार्षिक सभेत एक भाऊ हसत म्हणाले, “मग यंदा अध्यक्षपदही वहिनींनाच देऊन टाकू, काय?” सभागृह खदखदलं. वहिनी हसल्या नाहीत. पर्समधून पेन काढून म्हणाल्या, “सूचक तुम्ही. अनुमोदन कोण देतंय?”

यंदा नारळ खवायचं काम माझ्याकडे आहे. फ्रोझन खोबरं चालणार नाही, असं अध्यक्षांनी लेखी कळवलंय.