नूडलचं नागपूर

मिनिॲपोलिसला मुलाकडे भर जानेवारीत गेलो, इथेच चुकलं. बाहेर उणे वीस आणि घरातला थर्मोस्टॅट मुलाने ६८ फॅरनहाइटवर खिळवून ठेवलेला. म्हणजे आपले वीस. कुडकुडलं की तो म्हणणार, "बाबा, स्वेटर घाला." मी आधीच दोन घातलेले असायचे.

त्याच घरात, हॉलच्या कोपऱ्यातल्या एका जीवाला बत्तीस अंश कसे मिळतील यावर रोज रात्री खल चाले. जीव म्हणजे नातवाचा बॉल पायथन. मूळ गाव पश्चिम आफ्रिका, नाव नूडल. आमची ही त्याला शेवई म्हणते. भारतात धामण पाळली असतीस तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वनखातं दारात आलं असतं, हे मी चिन्मयला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "आबा, हीटर कुठला घ्यायचा ते सांगा."

सापाचं अंग आतून तापत नाही. ऊब मिळाली नाही तर गिळलेला उंदीर पचत नाही, पोटातच सडतो. आपण जेवणावर शतपावली घालतो, याला शेकोटी लागते. शिवाय पेटीचं एक टोक बत्तीसला, तर दुसरं सव्वीसच्या आसपास हवं. एकीकडे नागपूर, दुसरीकडे महाबळेश्वर, आणि मन होईल तसं त्याने सरकायचं. (नागपूरकरांनी रागावू नये, बत्तीस म्हणजे त्यांची थंडीच.) एवढी सोय चार फुटांत! मला अख्ख्या घरात नव्हती.

चौतीस वर्षं वीज मंडळात काढलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही. "साठचा पिवळा बल्ब लावा. पोल्ट्रीत पिल्लांना लावतात तसा." नामंजूर. सापाला रात्री अंधार लागतो. मग लाल बल्ब? तोही त्याला दिसतो म्हणे. दुकानात विजेवर तापणारा दगड मिळत होता. हिला तो गुडघ्यांसाठी फार आवडला, पण त्यावर वेटोळं घालून साप पोट भाजून घेतात. पेटीखाली चिकटवायची तापती चटई बरी वाटली. पण तिने नुसती जमीन तापते, हवा नाही. पाय गरम आणि नाक गार, ही अवस्था मी स्वतः भोगत होतो.

शेवटी सिरॅमिकचा दिवा ठरला. दिवा नुसता म्हणायचा. उजेड शून्य, नुसती धग. त्याने हवा कोरडी होते म्हणून आत ओलं शेवाळ, पाण्याचं पसरट भांडं. साप त्याला विळखा घालेल म्हणून भोवती जाळी. आणि तापमान आवरायला थर्मोस्टॅट, जो सापापेक्षा महाग पडला. यात माझी भर एकच: होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लॅस्टिकचा वितळेल. ते मात्र सर्वांनी ऐकलं. निवृत्तीनंतर प्रथमच.

नूडलच्या ओठांवर बारीक खळगे आहेत, त्यांनी त्याला दुसऱ्याच्या अंगातली उष्णता कळते. मी वाकलो की तो मान उचलायचा. माझ्यात ऊब आहे हे त्या घरात ओळखणारा तो एकटाच.

तिकडे स्वयंपाकघरात हिचं वेगळंच दुःख. सलग चार दिवस विरजण लागलं नव्हतं. दुधात ताक ओतल्यासारखं काहीतरी व्हायचं. पाचव्या रात्री पाणी प्यायला उठलो तर पेटीच्या माथ्यावर, बरोबर नागपूरच्या बाजूला, टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. जन्मभर नागपंचमीला मी सांगत आलो की नागाला दूध लागत नाही. पण दुधाला नाग लागतो, हे मला कुठे ठाऊक होतं?

सकाळी दही सुरीने कापावं असं. मुलाने दोन वाट्या खाल्ल्या. "आई, इथे हिवाळ्यात असं दही लागतच नाही. काय केलंस?"

चिन्मयने माझ्याकडे पाहिलं. मी कोशिंबीर वाढून घेतली.

"इडलीचं पीठ भिजवू का रे?" हिने हळूच विचारलं. मला नव्हे, चिन्मयला. पेटी त्याची ना.