वईपलीकडचा ओटीपी

"आयकलं काय वं? तारीख समोर ढकलली म्हन्ते."

सकाळी सातला वईपलीकडून हा आवाज आला, की आमच्या गल्लीच्या बातम्या सुरू. वई म्हणजे पूर्वी खरोखरची होती, बोराटीच्या काट्यांची. आता तारेचं कुंपण आहे, पण चांदूर रेल्वेत नाव अजून वईच. पलीकडे मावशी सुपात कंट्रोलचे, म्हणजे रेशनचे, गहू घेऊन बसतात, अलीकडे मी चहाचा कप घेऊन उभी.

खबर पक्की होती. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत 18 नोव्हेंबर 2025 ला संपत होती. अगदी तोंडावर आल्यावर ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली.

"मंग तं बरं झालं," मी म्हटलं.

"काय डोंबल बरं? ते मोबाइलवालं पोट्टं म्हन्ते, नवऱ्याचा आधार नंबर टाका, त्याच्या फोनवर ओटीपी यीन. बुढ्याले जाऊन सहा वर्सं झाले. तो वरून ओटीपी धाडीन काय? नाई तं बापाचा द्या म्हन्ते. बाप तं त्याच्याही आंधीच गेला."

हसावं की नाही, कळेना. मावशीच हसल्या, म्हणून मीही हसले.

मग गाडी गल्लीतल्या पात्र-अपात्रांवर आली. नियम मावशींना तलाठ्यापेक्षा पाठ. वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, ट्रॅक्टर चालतो पण चारचाकी चालत नाही. "अन् तिच्या दारात कार उभी हाय, ते काय शोभेची हाय?" 'ती' कोण हे सांगायची गरज नव्हती, कारवर ताडपत्री टाकलेली मला माझ्या खिडकीतून दिसते. मी म्हटलं, "मावशी, तिचं जाऊ द्या. 14,298 माणसांनीच बहिणी होऊन पैसे उचलले, असं निघालं."

"माय वं! मिशावाल्या बहिनी?" सूप थांबलं. "अन् माह्या सुनेले पाचशेच देऊन रायले."

तेही खरंच. पीएम किसान आणि नमो शेतकरी सन्मानचे मिळून महिन्याला हजार पडतात, म्हणून लाडकी बहीणचे पंधराशे पुरे न देता वरचे पाचशेच देतात. सून घरात एकटीच सातबाऱ्यावर आहे. नाव लागलं तेव्हा पेढे वाटले होते.

एवढ्यात मागच्या घरचे काका दूध घेऊन आले. आयुष्यभर खर्डेघाशी केलेला माणूस, आकडा दिसला की थांबतोच. "अहो, तिजोरीत आहे कुठं?" ते म्हणाले. 2025-26 चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा, त्यात महसुली तूट 45,891 कोटी, आणि एकट्या लाडक्या बहिणीला 36 हजार कोटी. त्यात पावसानं खरीप झोपवलं, तर 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा 5,328 होता, पण मोंढ्यात ओला माल घेऊन उभं राहिलं की तो आकडा भिंतीवरच राहतो.

काकांना मग कोरोनाचं 2020 आठवलं. त्यांना ते नेहमीच आठवतं. 31 मार्चला तेव्हाचे अर्थमंत्री अजितदादा पवारांनी जाहीर केलं, लोकप्रतिनिधींचं 60 टक्के, अ आणि ब वर्गाचं 50 टक्के, क वर्गाचं 25 टक्के वेतन कापणार. ड वर्गाला हात नाही. पुढं ती कपात नाही, दोन हप्ते आहेत, असं झालं. 4 मे ला वित्त विभागाचा आदेश निघाला: विकासाच्या योजनांना वर्षाच्या तरतुदीतले 33 टक्केच मिळणार, आरोग्य सोडून नवी भरती बंद. "कापलं, पण कागदावर लिहून कापलं," काका म्हणाले. तेव्हा ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, तिथं प्रवासी गाडी थांबत नव्हती. जेवायची सोय होती ती शिवभोजनची. जानेवारीत दहा रुपयांत सुरू झालेली थाळी मार्चअखेर पाच रुपयांना केली: दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, भाताची मूद. 2021 च्या एप्रिलमध्ये तर काही काळ फुकटच.

"ते जाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "या दिवाईले आनंदाचा शिधा काहून नाई आला?"

काका गप्प. 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल मिळालं, तेव्हा पिशवीवर फोटो होते, कंट्रोलवर बॅनर होता, पेपरात पान होतं. बंद झाला तेव्हा काय लागलं? काहीच नाही. मावशी 2025 च्या दिवाळीत रिकामी पिशवी घेऊन दोनदा जाऊन आल्या. दुकानदार म्हणाला, वरून आला नाही. वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही ठाऊक नसावं.

माझा राग पैसे कमी पडल्याचा नाही. घरातही कमी पडतात. मग आपण पोरांना बसवून सांगतो, यंदा नवे कपडे नाहीत. सुरू करताना ढोल आणि बंद करताना चिडीचूप, हे मात्र कोणत्या घरात चालतं? बाईनं पिशवी घेऊन फेऱ्या मारायच्या आणि तिथं जाऊन समजून घ्यायचं.

त्या सकाळी कामाची बातमी शेवटी काकांच्या मोबाइलवर सापडली. मुदतवाढीसोबतच सरकारनं सांगितलं होतं: ज्या बाईचा नवरा किंवा वडील हयात नाहीत, किंवा घटस्फोट झाला आहे, तिनं स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश जमा करावा. मृताचा ओटीपी लागणार नाही.

मावशी उठल्या. आतून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला दाखला घेऊन परत आल्या आणि तारेवरून माझ्या हातात दिला. "याची झेराक्स काढून आन. दोन आन. एक हरपते."

तुमच्याही वईपलीकडे अशी एखादी बाई असेल. तिला विचारा, तिचं तेव्हा झालं काय. तारीख 31 डिसेंबर 2025 होती.